नातवाची सर्दी, आजीचा न्यूमोनिया आणि मधल्या पिढीची जबाबदारी

पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एक गोष्ट दरवर्षी घडते. अंगणवाडीतून किंवा बालवाडीतून लेकरू शेंबडं नाक घेऊन घरी येतं. आई सकाळी सातला कामावर गेलेली असते, बाप त्याच्याही आधी. अंगात ताप असो वा नसो, दिवसभर ते लेकरू आजीच्या मांडीवरच असतं. आजी पदराने त्याचं नाक पुसते, त्याने टाकलेला वरणभात वाया नको म्हणून स्वतः खाते, रात्री त्याला कुशीत घेऊन झोपते. तीन-चार दिवसांत लेकरू खडखडीत बरं होऊन गल्लीत पळायला लागतं आणि आजी अंथरूण धरते. घरचे म्हणतात, "वय झालं, त्यात हवा बदलली." आठवडा उलटतो आणि आजी सरकारी रुग्णालयात ऑक्सिजनवर असते.

हा लेख त्या मधल्या आठवड्याविषयी आहे. नातवंडांना आजी-आजोबांपासून दूर ठेवा, असा सल्ला आम्ही देणार नाही. तो सल्ला निर्दयी आहे आणि आपल्या घरांमध्ये अशक्यही आहे. लेकरू आजार घरी आणतं यात त्याचा दोष नाही. आजी त्याला जवळ घेते यात तिचाही दोष नाही. पण या दोघांच्या मध्ये जी पिढी उभी आहे, म्हणजे आपण, तिच्या हातात काही साध्या गोष्टी आहेत. त्या वेळेवर केल्या तर अनेक आज्या आणि आजोबा वाचू शकतात. त्यासाठी आधी हा आजार लेकराकडून म्हाताऱ्या माणसाकडे कसा जातो, ते समजून घेऊ.

लहान मुलं सतत आजारी का पडतात?

अंगणवाडीत, बालवाडीत जायला लागलेल्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं ही नेहमीची गोष्ट आहे. मोठ्या माणसाला ती दोन-तीन वेळा होते. "आमच्याच पोराच्या अंगात ताकद नाही का?" असं अनेक आया विचारतात. तसं नसतं. सर्दी आणणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. आपल्या शरीराला त्यांची ओळख एकेक करून होते. मोठ्या माणसाने त्यातले बरेच आधी पाहिलेले असतात, लहान मुलासाठी जवळजवळ प्रत्येक विषाणू नवा असतो. म्हणून तो त्याच्या नाका-घशात भरपूर वाढतो आणि जास्त दिवस टिकतो. फ्लू झालेला मोठा माणूस साधारण पाच ते सात दिवस विषाणू बाहेर टाकतो. लहान मुलं दहा दिवस किंवा त्याहूनही जास्त काळ टाकू शकतात. म्हणजे मूल खेळायला लागलं तरी त्याच्याकडून होणारा प्रसार थांबलेला नसतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. फ्लूचा विषाणू लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पसरायला लागतो. त्यामुळे "लेकरू शिंकायला लागलं की आजीला जपू" हा हिशेब एक दिवस उशिराचा ठरतो. काळजी ही पूर्ण हंगामाची सवय असावी लागते.

आणि लहान मुलाला कोपरात खोकायचं, हात धुवायचं, तोंडात खेळणं घालायचं नाही, हे कळत नाही. ते थेट आजीच्या तोंडावर खोकतं. तिच्या चष्म्याशी, तिच्या पानाच्या डबीशी खेळतं. एवढ्या जवळचा संपर्क घरात दुसऱ्या कुणाशी नसतो.

तोच विषाणू आजीला जड का जातो?

वय वाढतं तसं रोगप्रतिकारशक्तीही म्हातारी होते. नव्या जंतूला ओळखून लढणाऱ्या पेशी छातीतल्या थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात. ही ग्रंथी तरुणपणापासूनच आक्रसत जाते. साठीनंतर शरीर जुन्या ओळखीच्या जंतूंशी बऱ्यापैकी लढतं, नव्याशी लढायला कमी पडतं. त्यात फुफ्फुसांची लवचीकता कमी झालेली असते आणि खोकून कफ बाहेर टाकण्याची ताकद उरलेली नसते.

आपल्या वस्त्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या फुफ्फुसांवर आणखीही काही लिहिलेलं असतं. कुणाची तीस वर्षं चुलीच्या धुरात गेली, कुणाची झाडूच्या धुळीत, कुणाची गटारात, गिरणीत, वीटभट्टीवर. कुणाला बिडीची सवय. वर मधुमेह आणि रक्तदाब. अशा शरीरात साधा विषाणू उतरला की फुफ्फुसांचं आतलं अस्तर दुखावतं आणि मागोमाग जिवाणू शिरतात. तो न्यूमोनिया.

धोका फुफ्फुसांपुरता नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीत फ्लू निश्चित झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण नेहमीच्या सुमारे सहापट आढळलं. "आजोबा तापातून उठले आणि अटॅकने गेले" असं आपण ऐकतो, तेव्हा त्या दोन घटना एकमेकींशी जोडलेल्या असू शकतात.

कोणते आजार येतात, कोणते येत नाहीत?

नातवंडांकडून येणाऱ्या आजारांत पहिला मान श्वसनाच्या विषाणूंचा. फ्लू, कोविड आणि आरएसव्ही हे त्यातले मुख्य. आरएसव्ही हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही. तान्ह्या बाळाच्या छातीत घरघर होते, दवाखान्यात बाळाला वाफारा देतात, त्यामागे अनेकदा हाच असतो. तो आजीला झाला तर तिच्या छातीतही उतरू शकतो.

दुसरा न्यूमोकोकस. हा जिवाणू धडधाकट मुलांच्या नाकातही शांतपणे राहतो. मुलाला काहीच त्रास नसतो, पण त्याच्याकडून तो म्हाताऱ्या माणसाकडे गेला की न्यूमोनिया करू शकतो.

तिसरे जुलाब-उलट्यांचे विषाणू. लंगोट बदलताना, ढुंगण धुताना ते हाताला लागतात. मूल बरं झाल्यावरही काही दिवस शौचातून बाहेर पडत राहतात. लेकराला दोन दिवस जुलाब होतात, पण आजीच्या अंगातलं पाणी आटलं की तिच्या मूत्रपिंडावर ताण येतो. चौथे, डोळे येणे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात ही साथ शाळकरी मुलांमध्ये आणि मग घराघरांत कशी पसरली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

एक गैरसमज मात्र दूर करू. आजीला नागीण झाली की नातवाच्या कांजिण्यांना दोष दिला जातो. नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीरातच नसांमध्ये दडून बसतो आणि म्हातारपणी पुन्हा डोकं वर काढतो. उलट नागिणीच्या फोडांतल्या पाण्यामुळे लहान मुलाला कांजिण्या होऊ शकतात.

आजार उलट दिशेनेही जातात. क्षयरोग बहुतेक वेळा मोठ्यांकडून मुलांना होतो, लहान मुलांकडून तो क्वचितच पसरतो. तान्ह्या बाळाला जीवघेणा ठरणारा डांग्या खोकलाही अनेकदा घरातल्या मोठ्या माणसाकडून येतो. म्हणून आजोबांचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर "जुना खोकला आहे" म्हणून सोडू नका. थुंकीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आजोबांना जपणं आणि नातवाला जपणं ही एकच गोष्ट आहे.

मुलाला लस, आजीला संरक्षण

जपानने १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस देण्याचा मोठा कार्यक्रम चालवला. साथ पसरवतात मुलं, मग मुलांनाच लस देऊ, हा विचार त्यामागे होता. १९८७ मध्ये पालकांना लस नाकारण्याची मुभा मिळाली आणि १९९४ मध्ये कार्यक्रम थांबला. २००१ मध्ये संशोधकांनी त्या काळातल्या मृत्यूंचे आकडे तपासले. लसीकरण जोरात असताना हिवाळ्यातले जादा मृत्यू घटले होते आणि ते थांबल्यावर पुन्हा वाढले होते. हे मृत्यू प्रामुख्याने वृद्धांचे होते. लस नातवंडांनी घेतली आणि वाचले आजी-आजोबा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

न्यूमोकोकसचा अनुभवही असाच आहे. अमेरिकेत २००० साली बाळांना त्याची लस द्यायला सुरुवात झाली. पुढच्या काही वर्षांत, ज्यांनी ती लस घेतलीच नव्हती अशा म्हाताऱ्या माणसांमध्येही त्या जिवाणूचे गंभीर आजार कमी झाले. मुलांच्या नाकातून जिवाणू हटला की तो पुढे जाणार कुठून?

ही लस भारताच्या सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. पीसीव्ही हे तिचं नाव. बाळाला सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर असे तीन डोस मोफत मिळतात. रोटाव्हायरसची लसही मोफत आहे. म्हणून आमची पहिली विनंती अशी: आज घरी गेल्यावर लेकराचं लसीकरण कार्ड उघडा. कामाच्या धबडग्यात एखादा डोस राहिला असेल तर आशाताईंना किंवा एएनएम ताईंना विचारा.

आजी-आजोबांसाठी फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. महाराष्ट्रात फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो, दुसरा लहान जोर हिवाळ्यात. लसीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून ती मे-जूनमध्ये, पाऊस लागण्याआधी घेतलेली बरी. ही लस घेऊनही सर्दी-ताप येऊ शकतो. पण आजार गंभीर होण्याची आणि रुग्णालयात न्यावं लागण्याची शक्यता कमी होते. न्यूमोकोकसची मोठ्यांसाठीची लसही असते, तिच्याविषयी डॉक्टरांना विचारा. खासगीत या लसी स्वस्त नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. जोखमीच्या रुग्णांना सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयात फ्लूची लस मिळते का, याची चौकशी आधी करा. वाढदिवसाच्या बॅनरवर, डीजेवर आपली मुलं वर्गणी काढतात. त्यातल्या थोड्या पैशांत गल्लीतल्या दमेकरी आजींची लस होऊ शकते.

एका खोलीच्या घरात काय करायचं?

आरोग्यावरच्या बहुतेक लेखांत लिहिलेलं असतं, "आजारी व्यक्तीला वेगळ्या खोलीत ठेवा." वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींमध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीत आपल्या तीन-तीन पिढ्या राहिल्या. तिथे वेगळी खोली म्हणजे काय? तेव्हा एका खोलीत जे जमतं तेच आम्ही सांगतो.

हवा खेळती ठेवा. समोरासमोरची खिडकी आणि दार दिवसातून अनेकदा उघडा. पंख्याचं तोंड शक्य असेल तर खिडकीकडे करा, म्हणजे आतली हवा बाहेर जाईल. खोकणारं माणूस घरात असताना मच्छर कॉइल, अगरबत्ती आणि बिडी बंद.

झोपण्याच्या जागा बदला. लेकराला ताप-खोकला आहे त्या चार-पाच रात्री ते आई किंवा बापाजवळ झोपेल. आजीचं अंथरूण खिडकीच्या बाजूला आणि तिचं डोकं लेकराच्या डोक्याच्या उलट दिशेला. हात-दोन हातांचं अंतरही उपयोगाचं असतं.

उष्टं थांबवा. लेकराची वाटी-चमचा वेगळा. त्याने टाकलेलं आजीने खायचं नाही. तिला हे सांगताना "तुझ्यामुळे घाण होते" असं बोलू नका. "आई, तू पडलीस तर आम्हाला कोण सांभाळेल?" असं म्हणा. ते खरंही आहे.

पदराऐवजी जुन्या सुती कापडाचे तुकडे ठेवा. वापरला की धुवायच्या बादलीत. नाक पुसल्यावर, लंगोट बदलल्यावर आणि जेवण्याआधी साबणाने वीस सेकंद हात धुवा. जुलाबाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझर नीट चालत नाही, तिथे साबण आणि पाणीच हवं.

आजारी लेकराला भरवताना आजीने मास्क लावला तर उत्तम. पापा घ्यायचाच तर डोक्याचा घ्यावा, तोंडाचा नको.

आणि बापाने उठावं. रात्री लेकरू रडलं की आई उठते, आई थकली की आजी उठते, बाप कूस बदलतो. आजारी मुलाची रात्रपाळी बापाने केली तर दोन बायकांचा जीव वाचतो. समतेची भाषणं करणाऱ्या आपण तरुणांनी ही सुरुवात स्वतःच्या अंथरुणापासून करायला हवी.

धोक्याच्या खुणा ओळखा

म्हाताऱ्या माणसाचा न्यूमोनिया फसवा असतो. ताप येईलच असं नाही. अंग गार असतं आणि आत आजार वाढत असतो. म्हणून "ताप नाही ना, मग काही नाही" हे वाक्य घरातून काढून टाका. पुढच्या खुणा दिसल्या तर वाट पाहू नका:

• आजी अचानक असंबद्ध बोलायला लागली, माणसं ओळखेना, सारखी ग्लानीत राहते.
• कारण नसताना तोल जाऊन पडली, किंवा रोज उठणारी माणूस उठेनाशी झाली.
• जेवण-पाणी सुटलं, लघवी खूप कमी झाली.
• शांत पडलेली असताना मिनिटाला पंचवीसपेक्षा जास्त श्वास चालले आहेत. तीसपेक्षा जास्त असतील तर थेट रुग्णालय.
• बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ पेक्षा खाली आला.
• ओठ निळसर पडले, छातीत दुखतंय, धाप लागते.
• ताप उतरून बरं वाटलं आणि दोन दिवसांनी पुन्हा चढला.

फ्लूवर ऑसेल्टामिविर नावाचं औषध आहे. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं. द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांपर्यंत जायला हवं. तिथे "घरात नातवाला आठवड्यापूर्वी ताप होता" हे आवर्जून सांगा. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणून देऊ नका, विषाणूवर ते औषध चालत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या मनाने बंद करू नका. जुलाब असतील तर सरकारी ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात कालवून घोट घोट पाजा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न घराबाहेरचाही आहे

आजारी लेकरू दिवसभर आजीजवळच का असतं? कारण आईला रजा नाही. घरकाम करणारी, कंत्राटी सफाईत असलेली, नाक्यावर उभी राहणारी बाई एक दिवस घरी बसली की त्या दिवसाची चूल अडते. आजीचं हे काम कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही. तिला पगार नाही, सुट्टी नाही, आणि आजार मात्र आहे.

प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर बंधनकारक झालं. पण आपल्या बहुसंख्य आयाबहिणी अशा आस्थापनांच्या बाहेरच राबतात. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची केंद्र सरकारची 'पाळणा' नावाची योजना आहे. आपल्या प्रभागात ती आहे का, नसेल तर का नाही, हा प्रश्न नगरसेवकाला आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला विचारायला हवा. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली. कामगार आईच्या विश्रांतीचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण मालकालाही त्यातून पूर्ण मोकळं सोडता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आजारी लेकरासाठी आईला किंवा बापाला पगारी रजा मिळावी, ही मागणी त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे.

कार्यकर्त्यांनी या महिन्यात काय करावं?

पहिलं, वस्तीतल्या साठीपुढच्या माणसांची यादी करा. कोणाला मधुमेह, दमा, हृदयाचा आजार आहे आणि कोण नातवंडं सांभाळतं, एवढी माहिती पुरे. दुसरं, सत्तरीपुढच्या प्रत्येकाचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून द्या. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, या योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचं संरक्षण आहे. आधार कार्डाने नोंदणी होते. आजी ऑक्सिजनवर गेल्यावर कागदपत्रांसाठी धावण्यापेक्षा हे आधी झालेलं बरं. तिसरं, एक ऑक्सिमीटर विहारात ठेवा आणि दोन मुला-मुलींना तो वापरायला आणि श्वास मोजायला शिकवा.

चौथं, वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहार भरलेले असतात. पुढे आजी-आजोबा, त्यांच्या मांडीवर नातवंडं, आणि पावसामुळे खिडक्या बंद. खिडक्या उघड्या ठेवा. ताप-खोकला असलेल्या लेकराला त्या दिवशी घरी थांबवा आणि त्याच्यासोबत आजी नाही, घरातलं तरुण माणूस थांबेल असं बघा.

आपल्यापैकी अनेकांना आजीनेच वाढवलं आहे. आई कामावर होती म्हणून शाळेची वेणी तिने घातली, बाबासाहेबांची पहिली गोष्ट तिने सांगितली. आज तीच आजी आपल्या लेकराला मांडीवर घेऊन बसली आहे. तिला ती मांडी रिकामी करायला सांगू नका. लेकराची लस, तिची लस, उघडी खिडकी, वेगळी वाटी आणि एका रात्रीचं आपलं जागरण, एवढं आपण करू. मग पुढच्या पावसाळ्यातही ते लेकरू त्याच मांडीवर असेल.